दुधाचा खाडा आणि आजींचं इन्सुलिन

बेळगावातल्या कुठल्याही घरात जा, स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतंच. कुणाकडे मराठी, कुणाकडे कानडी आणि सोयरीक दोन्ही भाषांत झालेल्या घरात कधी कधी दोन्ही. त्यातल्या तिथी आणि मुहूर्त कोण किती बघतं कोण जाणे, पण दुधाची नोंद मात्र चुकत नाही. ‘अर्धा जादा’, ‘पाहुणे, २ लिटर’, ‘नाही’. महिनाअखेर दूधवाल्याशी एका खाड्यावरून वाद होत नाही, कारण लिहिलेलं असतं. सिलिंडर कधी लावला तेही तिथंच, मोलकरीण कधी आली नाही तेही तिथंच.

वडगावातल्या त्या घरातही कालनिर्णय असंच भरलेलं होतं. आजींना रोज संध्याकाळी इन्सुलिन द्यायला आणि कमरेखालच्या जखमेचं ड्रेसिंग करायला मी तिथं जायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यात मधुमेह जुना. जखम भरता भरत नव्हती. मी आत पाऊल टाकलं की म्हणायच्या, “आलीस काय गे? आज तरी हळू कर बाई.” आणि मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेले की समोर ते कालनिर्णय. दुधाचा एक दिवससुद्धा रिकामा नाही. हे मला रोज दिसत होतं. त्यातून शिकायचं काय ते मात्र मी फार उशिरा शिकले.

मी अकरा वर्षं वॉर्डात काढली आणि मग घरोघरी जाऊन रुग्णसेवा करायला लागले. लोकांना वाटतं, वॉर्डापेक्षा हे सोपं. एका वेळी एकच पेशंट, ओरडणारी मेट्रन नाही, रात्रपाळी नाही. काम सोपं आहेही, पण कामाभोवतीचा कागद सोपा नाही. प्रत्येक भेटीची शीट: नाव, वेळ, ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, साखर. कुठलं औषध दिलं, किती दिलं, कुठं दिलं. जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, वास, पाणी. किती गॉज वापरला, किती हातमोजे. घरच्यांची सही. डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर वेगळा निरोप. विम्याचा दावा असला तर त्याची आणखी वेगळी कागदं. अलीकडे संस्थेचं अॅप आलं, पण कागद काही गेला नाही. अॅपमध्येही भरायचं आणि कागदावरही.

आणि भेटी किती? तेव्हा मी दिवसाला सहा घरं करायची, कधी सात. सकाळी शहापूर, मग अनगोळ, दुपारी टिळकवाडी, संध्याकाळी वडगाव आणि खासबाग. रविवारी खासबागच्या बाजारात स्कूटर अडकली की अर्धा तास गेलाच, आणि दुसऱ्या रेल्वे गेटापाशी गाडी यायची वेळ झालेली असली तर देवाचं नाव घ्यायचं. एका घरात पाऊण तास धरला तर त्यात ड्रेसिंग होतं, बोलणं होतं, चहाला नको म्हणण्यात पाच मिनिटं जातात. लिहायला वेळ उरतच नाही. म्हणून मी सगळं रात्रीवर टाकायची. जेवण झालं, भांडी झाली की साडेनऊला टेबलावर सहा शीट पसरायच्या आणि आठवून आठवून भरायच्या.

आता कबूल करते, कारण ही नोकरी करणाऱ्या कितीजणी हे वाचून ओशाळतील ते मला ठाऊक आहे. रात्री साडेदहाला डोळे मिटत असताना शहापूरच्या काकांचा रक्तदाब १३८ होता की टिळकवाडीच्या मामींचा, हे आठवत नाही. मग अंदाजानं लिहिलं जातं. तापाच्या रकान्यात सगळ्यांना ९८.६. श्वासाच्या रकान्यात १८, फारच झालं तर २०. कुठल्याही दवाखान्यातली जुनी फाईल उघडा, माणसं मरणाच्या दारात असोत की डिस्चार्जच्या, निम्म्यांचा श्वास मिनिटाला १८ सापडेल. कोणी मोजत नाही म्हणून. मी मोजायची. पण मोजलेलं रात्रीपर्यंत डोक्यात टिकायचं नाही, म्हणजे मोजूनही न मोजल्यासारखंच.

मी शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डाला एक धारवाडकडच्या सिस्टर होत्या. कडक. फाईल हातात घेऊन एकच वाक्य म्हणायच्या, “बरदिल्लंद्र माडिल्ल!” लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. आम्ही पोरी त्यांच्या पाठीमागे नक्कल करायचो. मला वाटायचं, हे वाक्य कोर्टासाठी आहे. उद्या कोणी केस केली तर आपल्या अंगावर येऊ नये म्हणून. वॉर्डात ते तसं चालूनही जायचं, कारण तिथं लिखाणाखेरीज दुसऱ्या वाटा असतात. ड्युटी बदलताना आपण दुसरीला तोंडी सांगतो, ‘चार नंबरला इन्सुलिन झालं, सात नंबरचं बाकी’. काही राहिलं तर ती हाक मारते. घरी कोण आहे हाक मारायला? मी दार ओढून स्कूटरला किल्ली लावली की त्या खोलीतली नर्स संपली. पुढच्या भेटीपर्यंत माझ्या जागी जी माणसं असतात, ती म्हणजे एक सून, एक मुलगा आणि दिवसाला बसणारी एक बाई. त्यांना माझ्या डोक्यातलं कसं दिसणार?

२०१९ च्या जुलैतला तो दिवस. दोन दिवस पाऊस खळला नव्हता. रेनकोट असून अंगावरचे कपडे ओले, बॅग ओली. वडगावला पोचायला सव्वासात झाले. साखर बघितली, २१२. ठरल्याप्रमाणे १४ युनिट इन्सुलिन पोटावर दिलं आणि ड्रेसिंग करायला घेतलं. तेवढ्यात खासबागहून फोन. आजोबांची लघवीची नळी तुंबली, पोट फुगलंय, ते ओरडताहेत, लवकर या. मी कसंबसं ड्रेसिंग पुरं केलं. सूनबाई माहेरी बारशाला गेलेल्या. दिवसाची बाई स्वयंपाकघरात आजींचा भात गरम करत होती. तिला ओरडून सांगितलं, “ऊटा कुडरी!” जेवायला द्या. आणि निघाले. शीट बॅगेत तशीच कोरी. भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यातला संध्याकाळचा रकानाही कोरा. रात्री लिहीन, नेहमीसारखं.

आजी जेवल्या. आठला दिवसाची बाई जायला निघाली, सव्वाआठला मुलगा कामावरून आला. बिचारा आईचं सगळं मनापासून करणारा. आला की पहिला तक्ता बघायचा. संध्याकाळचा रकाना रिकामा. दारातच बाईला विचारलं, “इंजेक्शन आतेनरी?” ती म्हणाली, “गोत्तिल्ल री, ना वळग इद्द्या.” माहीत नाही, मी आत होते. खरंच होतं ते. मग आईला विचारलं. आजींना तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. त्या म्हणाल्या, “कुठलं इंजेक्शन? ती पोरगी पट्टी बदलून पळाली बघ.” त्यानं मला फोन लावला. मी खासबागच्या घरात हातमोजे घालून नळी बदलत होते, फोन बॅगेत. एकदा लावला, दोनदा लावला. मग त्यानं बाटली काढली आणि १४ युनिट दिलं. द्यायला त्याला मीच शिकवलं होतं.

पावणेदहाला माझा फोन वाजला. “सिस्टर, आई घामाघूम झालीय. काहीतरीच बोलतेय.” मी विचारलं, साखर बघितली? ४८. आणि मग तो म्हणाला, “तुम्ही आज दिलं नव्हतं ना, म्हणून मी दिलं.”

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं.

७० च्या खाली साखर गेली की ती उतरली असं आम्ही धरतो, ४८ म्हणजे फारच. शुद्धीवर आहे का, गिळता येतंय का, विचारलं. येत होतं. मग पाण्यात साखर तीन चमचे, हळूहळू पाजायला सांगितलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला. मागून कोणी शेजारीण म्हणत असलेली ऐकू आली, कुंदा द्या की, घरात आहे. बेळगावच्या माणसाला गोड म्हटलं की कुंदाच आठवणार! पण अशा वेळी कुंदा नको. त्यातल्या खव्याच्या तुपानं साखर रक्तात जायला वेळ लागतो. साधं साखरपाणी, ग्लुकोजची पावडर, ते लवकर चढतं. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे मी फोनवर बोलत बोलतच स्कूटर काढली.

मी पोचेपर्यंत ६१ झाली होती. पुन्हा तीन चमचे. मग ८४. पण हे इन्सुलिन मिश्र प्रकारचं, त्यातला एक भाग रात्रभर काम करत राहतो, आणि आता तो दुप्पट झाला होता. चढलेली साखर पुन्हा उतरणार हे दिसत होतं. त्याच रात्री आजींना दवाखान्यात ठेवलं, सलाईनमधून ग्लुकोज, दर तासाला तपासणी. मी बाकड्यावर बसून होते. तो मुलगा एकसारखा म्हणत होता, “माझ्या हातून झालं.” मी त्याला म्हटलं, “दादा, तुमच्या हातून काही झालं नाही. तुम्ही तक्ता वाचलात. तक्ता खोटं बोलत होता, आणि तो तक्ता माझा.” सकाळी आजी जाग्या झाल्या आणि चहा मागितला. बिनसाखरेचा.

त्या घरानं माझी तक्रार केली नाही. केली असती तर मला थोडं बरं वाटलं असतं. मी संस्थेला स्वतः सगळं सांगितलं. तिथून उत्तर आलं, शीट रात्रीत पूर्ण करून पाठवा, वेळ संध्याकाळी सात पंचवीसची टाका. म्हणजे कागद सरळ झाला की झालं! मी वेळ टाकली, पण खरी टाकली: लिहिल्याची वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीस. त्यावरून बोलणी बसली ती निराळी.

शिकताना आम्हाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणजे हातात दिवा घेतलेली बाई एवढीच दाखवली होती. नर्सेस डेला तिचा फोटो आणि मेणबत्त्या. पुढे कधीतरी वाचलं की १८५८ साली तिनं क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंच्या आकृत्या छापल्या आणि दाखवून दिलं की सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले. म्हणजे दिव्याइतकीच ती वहीचीही बाई होती. १८५९ सालच्या तिच्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात बारीकसारीक व्यवस्थेवर एक आखखं प्रकरण आहे. मुद्दा एवढाच की तुम्ही खोलीत असताना जे नीट होतं, ते तुम्ही नसताना कसं होईल, याची तजवीज करता आली पाहिजे. गंमत म्हणजे त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्यानं, आपल्या पत्नीच्या शेवटच्या आजारात घरी सेवा केलेल्या नर्सला गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमलं. घरी जाणाऱ्या नर्सची सुरुवात आणि ‘तुम्ही नसताना काय’ हा प्रश्न, दोन्ही एकाच वर्षातली. मला त्या रात्रीनंतर हे प्रकरण पुन्हा वाचावंसं वाटलं, आणि वाचताना बरं वाटलं नाही.

आजी घरी आल्या त्या दिवशी मी स्वयंपाकघरात हात धुताना कालनिर्णयासमोर उभी राहिले. त्या बुधवारच्या चौकटीत सूनबाईंनी माहेरी जाण्याआधीच लिहून ठेवलं होतं, ‘उद्या अर्धा लिटरच’. ज्या घरात दुधाचा खाडा चुकत नव्हता तिथं इन्सुलिनचा चुकला. कारण दुधाची नोंद जिथं दूध येतं तिथंच होते, त्याच क्षणी, ज्या हातानं पातेलं घेतलं त्याच हातानं. कोणी ती रात्री आठवून लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही घेऊन गेले. ती त्या घरची वही. माझ्या बॅगेत जाणार नाही, आजींच्या पलंगाच्या कडेला सुतळीनं बांधलेली, पेनही बांधलेलं. संस्थेची शीट तिच्यावरून उतरवायची, उलटं नाही. आणि स्वतःला एक सवय लावून घेतली: वापरलेली सिरिंज डब्यात टाकायची ती लिहून झाल्यावरच. सिरिंज ट्रेमध्ये दिसतेय म्हणजे लिहायचं बाकी आहे. फोन येवो, पाऊस येवो.

वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचं यावर बरीच खटपट झाली. मी आधी आमच्या सवयीच्या इंग्रजी खुणा लिहिल्या. बीडी, टीडीएस, एचएस. सूनबाई शिकलेल्या, पण त्यांनाही एचएस म्हणजे ‘झोपताना’ हे माहीत नव्हतं. का असावं? मग मराठीत लिहिलं. लिहिलं ते शुद्ध, देवनागरी आकड्यांसकट. रक्तदाबाच्या गोळीपुढे १-०-१. दिवसाची बाई कानडी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिनं पान बघून मला घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, “अक्का, वंबत्त गुळगी?” नऊ गोळ्या? मराठी एक तिला इंग्रजी नऊ दिसला होता. हसण्यासारखं आहे, पण मी हसले नाही. तिनं विचारलं म्हणून बरं. मराठी पाचही इंग्रजी चारसारखा दिसतो, बघा कधी. तेव्हापासून वहीत आकडे फक्त इंग्रजी, जे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे सारखेच वाचतात.

आणि शब्द दोन लिप्यांत. वर मराठी, खाली कानडी. सकाळ, मुंजाने. जेवणाआधी, ऊटद मोदल. जेवणानंतर, ऊटद म्याल. कानडी अक्षर माझं नसल्यातच जमा, म्हणून ते आजींच्या नातवानं लिहून दिलं. तो कानडी माध्यमात जातो. पाट्यांवरच्या अक्षरांवरून आपल्या गावात काय काय झालंय ते या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण आजींच्या पलंगापाशी कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावर कोणी बोललं नाही. आजींना विचारलं तर म्हणाल्या, “मला चष्म्याशिवाय दोन्ही दिसत न्हाईत.”

त्याच पानावर सिरिंजचंही लिहिलं. हे ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी जरूर बघावं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० ताकदीचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० ताकदीच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये तेवढ्याच खुणेपर्यंत भरलं तर औषध निम्म्याहूनही कमी जातं. उलटं केलं तर अडीचपट. दुकानदार घाईत कुठलीही देतो. म्हणून वहीत ‘लाल टोपण, 40’, दोन्ही भाषांत, आणि पहिल्या सिरिंजचं टोपणच चिकटवून टाकलं.

दिवसाची बाई मात्र वहीला हात लावेना. आजींना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, ते ती न चुकता करायची. जखम भरत चालली होती ती माझ्या ड्रेसिंगपेक्षा तिच्यामुळे. पण लिहायची नाही. मला वाटलं आळस. एकदा थोडी रागावले. तेव्हा खाली मान घालून म्हणाली, “नंग बरियाक बरूदिल्ल री अक्का.” मला लिहायला येत नाही. चौथी होऊन वीस वर्षं झाली होती, वाचता यायचं ते अडखळत. शिवाय तिच्या मनात आणखी एक भीती होती. आधीच्या एका घरी काहीतरी वहीत सापडलं म्हणून तिचाच पगार कापला होता. कागद म्हणजे आपल्यावर येणारी गोष्ट, हे तिला पक्कं ठाऊक. आम्हा शिकलेल्या नर्सांना जे वाटतं तेच की! फक्त आम्ही ते मान्य करत नाही.

दोन दिवसांनी गेले तर कूस बदलण्याच्या रकान्यांत लाल टिकल्या. तिनं आपल्या पाकिटातल्या टिकल्या काढून एकेका चौकटीत चिकटवल्या होत्या. उजवी, पाठ, डावी. तीन चित्रं मी काढून दिली होती, त्याखाली बरोबर टिकली. दुपारी दोनच्या चौकटीत नव्हती. तिनं स्वतःच सांगितलं, तेव्हा डॉक्टर आले होते, राहिलं. खरी नोंद यालाच म्हणतात. रिकामी जागा रिकामी सोडायची हिंमत. मला ती हिंमत यायला अकरा आणि वर तीन वर्षं लागली.

आता प्रश्न वेळेचा. प्रत्येक घरी बसून लिहायचं तर दहा-पंधरा मिनिटं जास्त. सहा घरांना मिळून सव्वा तास. तो कुठून आणायचा? मी संस्थेला म्हटलं, पाच घरं देते, सहावं नको. ते म्हणाले, पैसे भेटीमागे आहेत, लिहिण्याचे नाहीत. बरोबर आहे, कुठंच नाहीत. बिलात ड्रेसिंग असतं, इंजेक्शन असतं, येण्याजाण्याचे पैसे असतात. लिहिण्याचा रकाना नसतो. म्हणून तर ते रात्रीवर पडतं, नर्सच्या घरच्या टेबलावर, तिच्या पोरांच्या अभ्यासाच्या वह्यांशेजारी. मी सहावं घर सोडलं. महिन्याला त्याचे पैसे गेले. घरात त्यावरून बोलणं झालं, ते साहजिकच होतं, मुलीच्या क्लासची फी त्यातून जायची. पण साडेनऊला टेबल रिकामं झालं. शीट भरून झालेल्या असायच्या, आणि त्यात ९८.६ पेक्षा वेगळे आकडे दिसू लागले. अनगोळच्या एका काकूंचा श्वास तीन दिवसांत २०, २४, २८ असा चढत गेलेला वहीत ओळीनं दिसला म्हणून डॉक्टरांना कळवलं. छातीत पाणी होऊ लागलं होतं. पूर्वीच्या माझ्या शीटमध्ये तिन्ही दिवस १८ असते.

पुढे कोविड आला आणि सगळं गावच नर्स झालं. २०२० आणि २०२१ ला घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. मला सगळीकडे जाता येत नव्हतं, फोनवरच चालायचं. शहापुरातल्या एका विणकराच्या घरी चौघे आजारी. त्यांनी कुठली वही आणली नाही की तक्ता आखला नाही. कालनिर्णयाचं पान काढून जमिनीवर ठेवलं आणि दुधाच्या जागी चौघांचा ऑक्सिजन लिहीत गेले, सकाळ-दुपार-रात्र, नावाच्या पहिल्या अक्षरासह. फोनवर मला वाचून दाखवायचे. ९४ च्या खाली गेला की लगेच सांगा म्हटलं होतं. थोरल्या भावाचा ९६, ९५, ९५, ९३ असा खाली आला. त्यांनी वेळेवर हलवलं आणि तो घरी परतला. सगळ्याच घरांत तसं झालं नाही, ते इथं लिहीत नाही.

वडगावच्या आजी त्यानंतर गेल्या. कोविडनं नाही. जखम केव्हाच भरली होती. २०२१ च्या दिवाळीनंतर एका पहाटे झोपेतच. मी दहाव्याला गेले. दिवसाची बाईही आली होती, कोपऱ्यात बसून होती. निघताना मुलानं तीन वह्या माझ्यापुढे ठेवल्या. दोनशे पानी, कोपरे मऊ झालेल्या, मधूनमधून औषधाचे आणि हळदीचे डाग. “सिस्टर, ह्या तुमच्याकडे असू देत.” मी म्हटलं, नाही, ह्या घरच्या. तिसरी उघडून बघितली. शेवटच्या पानावर आदल्या दिवसाच्या सगळ्या टिकल्या जागेवर होत्या. त्यापुढची पानं कोरी, निम्म्याहून जास्त वही.

सूनबाई म्हणाल्या, “ठेवते मी. पानं बरीच हाईत, किराणा लिहायला होईल.”